गाडीचा विमा: दोन कोटमध्ये जवळपास चार हजारांचा फरक, नेमकं काय कापलंय?

शरयू

नमस्कार मंडळी. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, पहिल्यापासून माझ्याच नावावर. पॉलिसी महिनाअखेरीस संपतेय. आतापर्यंत बाबांच्या ओळखीचे एक एजंटकाका सगळं परस्पर करायचे, आम्ही फक्त चेक द्यायचो. त्यांनी आता काम थांबवलं, आणि बाबांनी फाइल माझ्याकडे सरकवून "तू बघ आता" म्हटलं. फाइल उघडली तर निम्मे शब्द डोक्यावरून गेले.

दोन कोट मागवलेत. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही.

पहिला: आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ३,२०,०००. ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर) ५,५१४, त्यातून ५० टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट) वजा २,७५७. झीरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापण्याचं जादा कव्हर) १,९००. थर्ड पार्टी ३,४१६. पीए कव्हर (मालकाचा वैयक्तिक अपघात विमा) २७५. जीएसटी धरून ९,८५१.

दुसरा: आयडीव्ही २,४०,०००. ओन डॅमेज ३,३१०, एनसीबी वजा १,६५५. थर्ड पार्टी ३,४१६. झीरो डेप नाही. जीएसटी धरून ५,९८४.

दोन्ही कंपन्या नावाजलेल्या आहेत. मग दुसरा डोळे झाकून घ्यावा का? आयडीव्ही कमी असला तर काय बिघडतं? आणि ऑफिसातला एक जण म्हणतोय की इतक्या जुन्या गाडीला नुसतं थर्ड पार्टी पुरे. खरं आहे का?

गियरमास्तर

ऑफिसातला तो माणूस हुशार आहे. :)

माझी गाडी अकरा वर्षांची. नुसतं थर्ड पार्टी घेतो. क्लेम करायला गेलं की प्लास्टिकचे अर्धे कापा, लोखंडाचे एवढे कापा, वर एनसीबीही जातो. त्यापेक्षा तेच पैसे बाजूला टाकतो आणि डेंट पडला तर ओळखीच्या डेंटरकडे जातो. कोण बसलंय फॉर्म भरत!

जुना सर्वेयर

गियरमास्तर, तुमच्या अकरा वर्षांच्या गाडीला ते ठीक असेल. शरयूंच्या गाडीला आज बाजारात तीन लाख येतात. तीन लाख चोरीला गेले तर डेंटर काय करणार?

आता शरयू, तुम्ही कोटची फोड दिलीत हे फार बरं केलंत. लोक फक्त खालचा आकडा टाकतात आणि विचारतात, "कुठला घेऊ?" आमचं आयुष्य ठोकलेल्या गाड्यांखाली वाकून बघण्यात गेलं, त्यामुळे क्लेमच्या बाजूनेच बोलतो. विकणाऱ्याची बाजू तुम्हाला फोनवर रोज ऐकू येणारच आहे.

थर्ड पार्टीचे ३,४१६ दोन्हीकडे सारखे आहेत बघा. हा दर कंपनी ठरवत नाही, सरकार अधिसूचना काढून ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी जून २०२२ पासून हा आकडा आहे. म्हणजे "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त" असं कोणी म्हणालं तर हसा आणि फोन ठेवा. घासाघीस चालते ती ओन डॅमेजवर. २००७ च्या आधी तोही दर बांधलेला होता, आता प्रत्येक कंपनी आपापली सूट देते.

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान झालं ते. कोणाचा जीव गेला किंवा कोणी जखमी झालं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती, त्याला कमाल मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. तुमच्या स्वतःच्या गाडीला त्यातून एक रुपया नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने हे सक्तीचं आहे. विमा नसला तर पहिल्या वेळचा दंड दोन हजार, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंड ही किरकोळ गोष्ट. भरपाईचा निकाल लागला आणि विमा नव्हता, तर ती रक्कम तुमच्या खिशातून, लागल्यास घरदार विकून.

आता तुमच्या दोन कोटमधला फरक ३,८६७ रुपये. तो कुठून आला ते मी कागदावर मांडलं, सगळे आकडे १८ टक्के जीएसटी धरून आहेत. झीरो डेप नाही, त्याचे २,२४२. पीए कव्हर नाही, त्याचे ३२५. आयडीव्ही ८० हजारांनी उतरवला, त्याचे सुमारे ८१३. एवढं वजा केल्यावर उरतात ४८७. दुसऱ्या कंपनीने खरोखर दिलेली सूट एवढीच. बाकी सगळं तुमच्याच संरक्षणातून कापलेलं आहे.

त्यातही ते ८१३ पुन्हा बघा. आठशे रुपये वाचवायला तुम्ही ऐंशी हजारांचं कव्हर सोडताय.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जेवढे देणार तो आकडा. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत तो ठरीव टक्क्यांनी उतरतो, चौथं वर्ष संपलं की ५० टक्के घट. पाच वर्षांनंतर मात्र तो कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. म्हणून तुमच्याकडे दोन आकडे आले. तुम्ही वर मागू शकता, लोक मागतच नाहीत.

आणि यात एक गोम आहे जी फोनवर कोणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. तुमच्या दुसऱ्या कोटमध्ये ती रेषा १,८०,००० वर आहे, पहिल्यात २,४०,००० वर. समजा समोरून जोरात बसली आणि गॅरेजने दोन लाखांचं एस्टिमेट दिलं. पहिल्या पॉलिसीत गाडी दुरुस्त होऊन घरी येईल. दुसरीत हिशोब होईल २,४०,००० वर, आणि तेवढ्या पैशात तशी गाडी तुम्हाला बाजारात मिळणार नाही. मालक वर्कशॉपमध्ये उभा राहून "अहो, गाडी होतेय की दुरुस्त!" म्हणत असतो. होते ना. पण कागद वेगळं सांगतो.

उगाच फुगवूनही घेऊ नका. गाडी तीन लाखांची असताना चारचा आयडीव्ही घेतलात तर जादा प्रीमियम भराल, आणि क्लेमच्या वेळी बाजारभावावरून वाद होईल तो वेगळाच.

झीरो डेपवर नंतर लिहितो, नातवाला क्लासवरून आणायचंय.

मेघना

काका येईपर्यंत पीएबद्दल सांगते. गाडीच्या मालकाकडे लायसन्स असेल तर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर घ्यावंच लागतं. सूट कधी मिळते? तुमच्याकडे आधीच तेवढ्या रकमेची वेगळी अपघात पॉलिसी असेल तर. ऑनलाइन फॉर्मवर "माझ्याकडे आहे" या चौकोनात आधीच टिक मारलेली असते, म्हणून कोट स्वस्त दिसतो. शरयू, दुसऱ्या कोटमध्ये तसंच झालेलं दिसतंय. नसताना टिक ठेवू नका. आणि हे कव्हर माणसाचं आहे, गाडीचं नाही. दोन गाड्या असतील तर दोनदा घ्यायची गरज नाही.

शरयू

मेघना, अगदी बरोबर! आत्ता जाऊन बघितलं, टिक होती. मी मारलेली नव्हती.

सर्वेयरकाका, ४८७ वाचून मी आणि बाबा दोघंही गप्पच झालो. झीरो डेपची वाट बघतेय. शिवाय एक प्रश्न: मागच्या दाराला पार्किंगमध्ये ओरखडा आहे, गॅरेजवाला पाच हजार म्हणतोय. तो पॉलिसी संपायच्या आत क्लेममध्ये काढून घ्यावा का?

जुना सर्वेयर

आधी झीरो डेप. गियरमास्तर म्हणतात ते "अर्धे कापा" खरंच आहे, आणि कापतो तो सर्वेयरच, म्हणजे आम्हीच. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, गाडी कितीही नवी असो. फायबरवर ३०. काचेवर शून्य. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, तुमच्या पाच ते दहा वर्षांच्या गटात ४० टक्के. रंगाच्या बिलातला पाव भाग मटेरियल धरायचा आणि त्यावर अर्धा घसारा.

एक साधं बिल घ्या. पुढची गाडी अचानक थांबली आणि तुम्ही मागून टेकलात. गॅरेजने मांडलं: बंपर ६,०००, हेडलॅम्प ४,०००, बॉनेट ८,०००, मजुरी ५,०००, रंग ४,०००. एकूण २७,०००, जीएसटी बाजूला ठेवू.

झीरो डेप नसेल तर बंपरचे मिळतील ३,०००. हेडलॅम्पची हल्ली काच नसते, प्लास्टिक असतं, म्हणून २,०००. बॉनेटचे ४,८००. मजुरी पूर्ण ५,०००. रंगाचे ३,५००. बेरीज १८,३००. त्यातून सक्तीची वजावट १,०००, ती १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढीच असते. हातात १७,३००. तुमच्या खिशातून ९,७००.

झीरो डेप असेल तर तुमच्या खिशातून फक्त ते १,०००.

म्हणजे २,२४२ भरून एका क्लेममध्ये ८,७०० वाचले. चार वर्षांत असा एक प्रसंग आला तरी जवळपास फिटले. गाडी रोज गर्दीतून नेत असाल तर घ्या. आठवड्यातून एकदा बाहेर काढत असाल तर सोडा, मी सोडलं असतं. मात्र तीन गोष्टी विचारून घ्या: वर्षात किती क्लेमना चालतं (बरेच ठिकाणी दोनच), टायर-बॅटरी धरली आहे का, आणि पुढच्या वर्षी देणार का. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर झीरो डेप बंद करतात. तुम्हाला सातव्या वर्षी मिळतंय हेच विशेष. आणि चोरी किंवा टोटल लॉसमध्ये झीरो डेपचा काही उपयोग नाही, तिथे आयडीव्हीच.

आता दाराचा ओरखडा. अजिबात क्लेम करू नका.

एनसीबी पायऱ्यांनी चढतो: २०, २५, ३५, ४५, ५०. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला थेट शून्य, आणि परत पहिल्यापासून. म्हणजे तुम्ही पुढची पाच वर्षं अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सूट गमावता. बेरीज १२५ टक्के. तुमच्या ५,५१४ च्या सव्वापट ६,८९३, जीएसटीसकट आठ हजारांच्या वर. आयडीव्ही दरवर्षी थोडा उतरतो म्हणून सात हजार धरा. कंपनीकडून हातात पडणारी रक्कम त्याहून कमी असेल तर बिल स्वतः भरा आणि विसरून जा. वरच्या सत्तावीस हजारांच्या बिलाला मात्र बिनधास्त क्लेम करा. त्याच्यासाठीच तर प्रीमियम भरतो आपण.

मेघना

एनसीबीवरून आठवलं. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली तर कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्यायचं, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लागू होतं. आम्ही नव्या गाडीच्या वेळी तेच केलं, शोरूमवाल्याने स्वतःहून सांगितलंच नव्हतं. उलट सेकंडहँड घेणाऱ्याला जुन्या मालकाचा एनसीबी मिळत नाही. त्याने नाव बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो.

गियरमास्तर

काका, हिशोब पटला हो, पण एक सांगा. एवढं सगळं घेऊनही शेवटी "क्लेम नामंजूर" असं पत्र येतंच की लोकांना. त्याचं काय?

जुना सर्वेयर

येतं. कधी कंपनी उगाच ताणते, तेही पाहिलंय. तेव्हा आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्यायचं, मग विमा लोकपालाकडे, तिथे वकील लागत नाही. पण माझ्या टेबलावर जे नाकारलं गेलं त्यातलं बरंचसं ठरावीक होतं. लायसन्सची मुदत संपलेली. दारू. खासगी नंबरप्लेटच्या गाडीतून भाड्याने माणसं नेणं. बाहेरून बसवलेला सीएनजी किट, ना आरसीवर नोंद ना पॉलिसीत. आधी दुरुस्ती, मग कंपनीला फोन. हे शेवटचं फार लोक करतात: बंपर बदलून घेतात आणि जुना भंगारात देतात. मी बघू काय?

आणखी एक म्हणजे खोटा एनसीबी. मागच्या वर्षी क्लेम झालेला असतो, तरी नवी कंपनी घेताना "नो क्लेम" लिहिलं जातं. कधी मालक लिहितो, कधी एजंट स्वतःच्या मनाने. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते. अपघात झाल्यावर हे उघडं पडलं तर ओन डॅमेज क्लेम गोत्यात.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण त्यात माणसं चांगली असूनही बुडतात. गाडी पाण्यात उभी राहिली, इंजिन बंद पडलं. इथपर्यंत ठीक, पाण्याने सीट, वायरिंग, कार्पेट गेलं ते ओन डॅमेजमध्ये येतं. मग मालक किल्ली फिरवतो. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं, पाणी काही दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वर्कशॉपमध्ये डिपस्टिक ओढली की ऑइल दुधाळ दिसतं. फिल्टरचा कागद भिजून लगदा झालेला. दाराच्या आतल्या पॅडवर चिखलाची रेघ असते, पाणी कुठवर आलं होतं ते तीच सांगते. मालक शपथेवर सांगतो की स्टार्टर मारलाच नाही. वाकलेला रॉड टेबलावर ठेवलेला असतो. इंजिनचं हे नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर लागतं. तुमच्या भागात पाणी तुंबत असेल तर विचारा. ते असो वा नसो, पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायची नाही, ढकलायची आणि टो करून न्यायची.

शरयू

काका, मेघना, गियरमास्तर, खूप आभार. आज दोन्हीकडे फोन केले. दुसऱ्या कंपनीला म्हटलं, मला आयडीव्ही ३,२०,००० हवा, झीरो डेप आणि पीए घाला, आणि मग सांगा. पलीकडच्या मुलीने थोडा वेळ होल्डवर ठेवलं. त्यांचं झीरो डेप २,२०० आहे, सगळं धरून ९,५५४. म्हणजे पहिल्याहून २९७ ने स्वस्त!

पण आमचं नेहमीचं गॅरेज पहिल्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे, दुसऱ्याच्या नाही. बाबांचं मत २९७ साठी गॅरेज बदलू नये. मलाही तसंच वाटतंय. पहिल्यांना दुसऱ्यांचा कोट पाठवलाय, काही कमी करताहेत का बघते.

शेवटचा प्रश्न: व्हॉलंटरी डिडक्टिबल घेतला तर प्रीमियम अजून कमी होईल असं त्यांच्या साइटवर आहे. घेऊ का? आणि किलोमीटरप्रमाणे पैसे भरायची पॉलिसीही दिसली.

जुना सर्वेयर

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तेवढे पैसे तुम्ही स्वतःहून भरायचं कबूल करणं. तुमचा ओन डॅमेज एनसीबीनंतर २,७५७ वर आलाय, त्यावर सूट मिळून मिळणार किती? काही शे. त्यासाठी क्लेमच्या वेळी पाच हजार जादा भरायचे. झीरो डेपला पैसे द्यायचे आणि इकडून ते भोक पाडायचं, याला अर्थ नाही. महागड्या गाडीच्या मालकाला परवडतं ते.

किलोमीटरवाली पॉलिसी २०२२ पासून परवानगीने आली. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच्या आत चालत असेल तर बघा. सूट तिथेही ओन डॅमेजपुरतीच, थर्ड पार्टी पूर्ण भरावा लागतो. जाहीर केलेले किलोमीटर संपले तर काय, हे लेखी घ्या.

आणि घासाघीस करता करता तारीख चुकवू नका. पॉलिसी संपली की मधल्या काळात काहीच कव्हर नाही. पुन्हा घेताना कंपनी गाडीची तपासणी मागते, आणि तुमचा तो दाराचा ओरखडा फोटोत कायमचा नोंदवला जाईल. ९० दिवस उलटले तर ५० टक्के एनसीबीही गेला. पैसे निदान दोन-तीन दिवस आधी भरा, पॉलिसीची पीडीएफ आली की नाव, चासिस नंबर आणि एनसीबीचा टक्का तपासून घ्या.

गियरमास्तर

काका, माझ्या अकरा वर्षांच्या गाडीला आता कोणी ओन डॅमेज देईल का? दोन वर्षं नुसतं थर्ड पार्टीच आहे.

जुना सर्वेयर

देतील, तपासणी करून. एनसीबी शून्य धरा. गाडी धुऊन ठेवा आणि आधीचे डेंट लपवू नका.